यशोगाथा : निरंक

एका पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विस्तार अधिकारी असलेल्या ताईंचं पत्र आहे. सात महिन्यांपूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे एक जादा काम दिलं. तालुक्यातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या चांगल्या कामाचं मासिक बातमीपत्र काढायचं, आणि दर महिन्याला एक ‘महिन्याचा मानकरी’ निवडून बैठकीत त्याचा सत्कार करायचा. ताईंनी हौसेनं सुरुवात केली. माहिती भरायला लिंक तयार केली, केंद्रप्रमुखांमार्फत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्यांमार्फत, सगळ्या शाळांना पाठवली. सात अंक निघाले.

आता परिस्थिती अशी आहे. अकरापैकी चार केंद्रांची माहिती दर महिन्याला ‘निरंक’, म्हणजे ‘कळवण्यासारखं काही नाही’, अशी येते. उरलेल्या केंद्रांतून तेच आठ-दहा जण दर वेळी भरभरून फोटो पाठवतात, त्यामुळे अंकात तेच दिसतात. सत्कार झालेल्या एका शिक्षकाला सहकारी ‘साहेबांचा लाडका’ म्हणून चिडवू लागले, तेव्हापासून त्यानं काही पाठवणंच सोडलं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी मोलाचं काम करणाऱ्या एका शिक्षिकेनं “माझं नाव नको” म्हणून स्पष्ट सांगितलं. आणि कार्यालयातले एक वरिष्ठ सहायक परवा हसत हसत म्हणाले, “मॅडम, यशोगाथा काय फक्त वर्गातच घडतात?” ते हसणं ताईंच्या मनातून जात नाही. त्या विचारतात : सरळ गुणांकनाचा तक्ता करून निवड निःपक्षपाती करू, की हे सगळं बंद करून टाकू?

*

ताई,

तुमच्या पत्रातला एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. निरंक. आपल्या खात्यात हा शब्द किती सहज लिहिला जातो ते तुम्हाला माहीत आहेच. पाच वाजायच्या आत माहिती द्यायची असते, समोर तक्ता असतो, रकाना भरायचा असतो. निरंक लिहिलं की सुटलो. त्या चार केंद्रांनी तुमच्या लिंकला जे उत्तर दिलं ते यशोगाथेच्या प्रश्नाचं नव्हतंच. ‘आणखी एक माहिती मागवली आहे’ एवढंच त्यांना ऐकू आलं, आणि अशा माहितीला जे उत्तर द्यायची सवय आहे ते त्यांनी दिलं.

म्हणून तुमच्या दोन पर्यायांकडे वळण्याआधी त्यांच्या बुडाशी असलेलं एक गृहीतक तपासू या. कुणी काय चांगलं केलं हे ज्यानं केलं त्यानंच आपल्याला कळवावं, असं तुम्ही धरून चालला आहात. लिंक म्हणजे तेच. मग अंकात कोण येणार? ज्याला चार ओळी लिहायला जमतात, ज्याच्या हाताशी फोटो काढणारा सहकारी आहे, ज्याला स्वतःबद्दल सांगताना संकोच वाटत नाही, तो. त्या आठ-दहा जणांना दोष देऊ नका, त्यांनी तुम्ही सांगितलं तेच केलं. पण द्विशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक प्रशिक्षणाला गेलेला असताना चार वर्ग एकटीनं सांभाळणारी बाई स्वतःचा फोटो कुणाकडून काढून घेणार?

मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट सांगतो. शाळेत शेरेबुक असायचं. भेटीला आलेले अधिकारी जाताना त्यात शेरा लिहायचे. बहुतेक शेरे एकाच साच्यातले : ‘शाळेस भेट दिली. उपस्थिती समाधानकारक. परिसर स्वच्छ ठेवावा.’ एकदा एक विस्तार अधिकारी आले, तासभर माझ्या दुसरीच्या वर्गात मागे बसले, आणि न बोलता गेले. मी घाबरलो होतो. संध्याकाळी शेरेबुक उघडलं तर त्यात होतं : ‘हातच्याची बेरीज शिकवताना काड्यांचे गठ्ठे मुलांकडूनच बांधून घेतले. मागच्या रांगेतील मुलगा दोनदा चुकला, त्याला तिसऱ्यांदा संधी दिली. ही पद्धत केंद्रातील इतर शिक्षकांनी पाहावी.’ मला प्रशस्तिपत्रं नंतर बरीच मिळाली, त्यांतलं एकही आता आठवत नाही. तो शेरा अजून शब्दशः आठवतो. त्या माणसानं मागच्या रांगेतला मुलगा पाहिला होता.

तुम्ही विस्तार अधिकारी आहात. शाळाभेटी हे तुमचं रोजचं काम आहे. बातमीपत्राची सामग्री मागवायला तुम्ही लिंक तयार केलीत, आणि तुमच्याच भेटीच्या डायरीत ती आधीच पडलेली असेल. केंद्रप्रमुखांनाही लिंक भरायला सांगू नका. महिन्यातून एकदा फोन करा आणि एकच विचारा : “या महिन्यात कुणाच्या वर्गात असं काही पाहिलंत का, जे दुसऱ्या शाळेत सांगावंसं वाटलं?” या प्रश्नाला निरंक म्हणता येत नाही. म्हणावं लागलंच, तर ते केंद्रप्रमुखांच्या भेटींबद्दल काहीतरी सांगून जाईल. पण तो विषय वेगळा, तो तुमच्या आणि साहेबांच्या मध्ये ठेवा.

आता गुणांकन. तक्त्याचा मोह मला समजतो. कुणी बोट दाखवलं की कागद पुढे करता येतो. पण तो तक्ता कसा दिसेल याचा जरा विचार करा. उपक्रमांची संख्या, स्पर्धांतली बक्षिसं, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी, ऑनलाइन नोंदी वेळेत पूर्ण. मोजता येईल तेवढंच त्यात येणार. कमी पटाच्या शाळेत शिष्यवृत्तीला बसणारी मुलंच दोन असतील तर तिथल्या शिक्षकाला गुण कुठून मिळणार? दोन महिन्यांत लोक काम तक्त्याकडे बघून करू लागतील आणि तुमच्याकडे फोटोंचा पूर येईल, आताच्या दुप्पट.

तक्ता सगळीकडे वाईट असतो असं नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करतात, पुरावे जोडतात, जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर निवड समित्या ते तपासतात. वर्षातून एकदा, देशभरातून मोजकी माणसं निवडायची तर अशी चाळणी लागतेच. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्काराचंही तसंच. तो पुरस्कार आहे, त्याला अर्ज, निकष आणि समिती हवीच. पण त्याचीच छोटी प्रत काढून ती दर महिन्याला तालुक्यात फिरवली की ना पुरस्काराचं वजन राहतं, ना दखल घेतल्याचा आनंद.

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग इथे आठवतो. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंस की सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र चित्र काढून झाल्यावर, न सांगता दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग नुसते ठेवून दिले, तेव्हा आधी कबूल केलेलं प्रमाणपत्र मिळवणारी मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अनपेक्षित प्रमाणपत्र मिळालेल्यांचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता. ती तीन ते पाच वर्षांची मुलं होती, आपले शिक्षक पन्नाशीचे आहेत, त्यामुळे फार ताणून अर्थ लावू नका. पण पाटीवर आधीच लिहून ठेवलेलं बक्षीस आणि पाहिल्यावर सुचलेली शाबासकी या दोहोंत फरक आहे, हे दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कुणालाही पटेल.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. ‘महिन्याचा मानकरी’ बंद करा, बातमीपत्र चालू ठेवा. तुम्ही दोन्हींचा एकच गठ्ठा बांधलात, त्रास त्या गाठीचा आहे. मानकरी एकच असतो, म्हणून बाकीचे सगळे त्या महिन्यात मानकरी नसलेले ठरतात. ‘साहेबांचा लाडका’ हे चिडवणं तुम्हाला मत्सर वाटलं. थोडा असेलही. पण त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या जागी बसून पाहा. शाल घातली गेली, टाळ्या झाल्या, ‘उत्कृष्ट कार्याबद्दल’ असं वाचलं गेलं. कोणतं कार्य? कुणी सांगितलंच नाही. कारण कळलं नाही की माणसं स्वतःच कारण शोधतात, आणि सरकारी कार्यालयात सगळ्यात हाताशी असलेलं कारण साहेबांची मर्जी हेच असतं.

बातमीच्या मजकुराचंही तेच. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या अंकात एक बातमी आहे : ‘अमुक शाळेत वाचन प्रेरणा दिन उत्साहात साजरा. मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन. विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. सूत्रसंचालन तमुक सरांनी केले.’ ताई, ही बातमी कोणत्याही शाळेचं नाव घालून छापता येते. तिथल्याच शाळेला तुम्ही फोन केला असता तर कदाचित हे हाती आलं असतं : ‘या शाळेत चौथीची मुलं दर शनिवारी पहिलीच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवतात. सुरुवातीला चौथीतली अडखळत वाचणारी मुलं लाजायची. सरांनी त्यांना पुस्तक आदल्या दिवशी घरी न्यायला दिलं. आता शुक्रवारी पुस्तकासाठी भांडण होतं.’ यात ‘उत्कृष्ट’ हा शब्द कुठेही नाही. पण वाचणारा शिक्षक मनात म्हणतो, आदल्या दिवशी पुस्तक घरी, हे मी पण करून बघतो. बातमी वाचून कुणाला काही उचलता आलं तर चिडवायला जागा फारशी उरत नाही. आणि पुढच्या अंकात ‘आम्हीही करून पाहिलं, आमच्याकडे हे अडलं’ असं कुणी कळवलं तर तेही छापा. अडलेलंही छापा, हे जरा ठळक करून सांगतो, कारण आपल्या खात्यात अडलेलं कुणी लिहीत नाही.

खात्यानं आपल्या माणसांसाठी नियतकालिक काढणं ही आपल्याकडे जुनी परंपरा आहे, बरं का. एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याचं ‘शालापत्रक’ निघायचं, त्याचं संपादन कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी केलं. तेव्हा तुमच्या जादा कामाला फार खालचं समजू नका.

आता ती शिक्षिका. “माझं नाव नको” याला तुम्ही विनय म्हणता. तुमच्याच पत्रात तिच्या कामाचं वर्णन आहे : गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती मुलांचं शिक्षण हमी पत्रक (मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद) देऊन ती थांबत नाही, जिथे कुटुंब उतरतं तिथल्या शाळेत दर पंधरा दिवसांनी फोन करून मूल वर्गात बसतं का ते विचारते. असं काम करणाऱ्या बाईला प्रसिद्धीची भीती का वाटावी? माझ्या अनुभवात याची कारणं फार जमिनीवरची असतात. एक, चांगलं काम दिसलं की आणखी काम मिळतं. ज्याला एकदा ‘तंत्रस्नेही’ म्हटलं, त्या शिक्षकाच्या गळ्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या ऑनलाइन माहित्या कशा पडल्या, हे तुम्ही पाहिलं असेल. तिला वाटत असेल, उद्या स्थलांतरित मुलांचं सगळ्या तालुक्याचं काम माझ्यावर येईल. दोन, तिची स्तुती शेजारच्या शाळेला टोमणा वाटू शकते : तुमची मुलं का नाही टिकली? आणि तीन, त्या मुलांचे आईबाप. आपल्या पोराचं नाव, आपलं कर्ज, आपली उचल हे सगळं तालुकाभर फिरावं असं कुणाला वाटेल?

तिला भेटून विचारा, पण नाव छापायला तयार करण्यासाठी विचारू नका. “तुमची फोनची पद्धत नाव न घालता छापली तर चालेल का?” असं विचारा. बहुतेक ती हो म्हणेल. आणि साहेबांकडून आधीच शब्द घ्या की यामुळे तिच्यावर एकही जादा जबाबदारी येणार नाही. हा शब्द म्हणजेच तिचा खरा सत्कार. नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा, आणि तिच्या शेरेबुकात सविस्तर शेरा लिहा. तो सहीशिक्क्यासह तिच्या शाळेत राहील.

मुलांचं म्हणाल तर एक नियमच करून टाका : शाळाबाह्य, स्थलांतरित, दिव्यांग, आजारी किंवा कसल्याही अडचणीत असलेल्या मुलाचा चेहरा आणि नाव अंकात नाही. इतर मुलांच्या फोटोंनाही पालकांची लेखी संमती घ्या. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहेच. पण कायदा नसता तरी ‘पूर्वी भीक मागणारा गणू आता शाळेत’ अशी ओळ त्या गणूला पुढे आयुष्यभर चिकटून राहते, एवढं कारण पुरे आहे.

वरिष्ठ सहायकांकडे मी मुद्दाम शेवटी वळतोय, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न त्यांनीच विचारलाय. शाळा चालते तेव्हा तिच्यामागे कोण असतं? शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतली पगाराची देयकं महिनाअखेर पुढे सरकवणारे, वैद्यकीय बिलांच्या त्रुटी स्वतः फोन करून पूर्ण करून घेणारे, सेवापुस्तकं अद्ययावत ठेवणारे, गटसाधन केंद्रातले कंत्राटी साधनव्यक्ती आणि विषयतज्ज्ञ, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे उतरवून घेणारा शिपाई. यांच्या कामाचा गुण असा की ते नीट झालं तर दिसतच नाही. पेन्शनचं प्रकरण अडलं की तालुकाभर बोभाटा होतो, वेळेत गेलं तर कुणी काही बोलत नाही. त्या सहायकांनी विनोद केला, कारण तक्रार करणं त्यांच्या अंगात नसावं. त्यांनी वर्षभरात काय केलं हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात तर त्याबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं, झोप उडवणारी गोष्ट तीच असावी.

नावं छापताना आणखी एक. एका माणसानं एकट्यानं केलेलं काम शाळेत फार थोडं असतं. 2020 साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांमध्ये वाटली. तुमच्याकडे वाटायला रक्कम नाही, पण ‘यात आणखी कोणाचा हात होता?’ हा प्रश्न फुकट आहे. प्रत्येक बातमीसाठी तो विचारा, आणि जे नाव मिळेल ते पहिल्या परिच्छेदातच घाला.

आता काही बारीकसारीक, पण यांच्यावरच अंक तरतो किंवा बुडतो. आदेशांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि अभिनंदनाचा ग्रुप वेगळा करा. आदेशांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं. एकाचा वाढदिवस आणि त्याखाली दीडशे पुष्पगुच्छ, आणि त्यात दडलेलं ‘आज चारपर्यंत पट कळवा’ हे पत्र, असा प्रकार रोज होतो, आणि नंतर कारणे दाखवा नोटीस त्या बिचाऱ्या मुख्याध्यापकाला. अंक महिन्याच्या ठरलेल्या एकाच दिवशी काढा, दोन पानांचा, मोबाइलवर वाचता येईल असा. निवृत्ती, बदली, निधन या बातम्या जरूर द्या. आजारपण, बाळंतपण, घरगुती सुखदुःख मात्र संबंधितांना विचारल्याशिवाय नको. ‘आम्ही तर प्रेमानंच टाकलं’ हे कारण नंतर उपयोगी पडत नाही.

शाल-श्रीफळासाठी केंद्रांतून वर्गणी गोळा होत असेल तर ती लगेच थांबवा. वर्गणी, भेटवस्तू आणि सत्कार यांवर वर्तणूक नियमांत बंधनं आहेत, आणि ज्याच्या सत्कारासाठी शंभर रुपये द्यावे लागले त्याच्याबद्दल कुणाच्या मनात माया उरत नाही.

पहिल्या पानावरचा साहेबांचा मोठा फोटो हा नाजूक मामला. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केला नाहीत, पण सातही अंक मी पाहिले. साहेबांना तो फोटो काढून टाका असं म्हणू नका. त्यांना काम द्या. दर महिन्याला त्यांनी अंकातल्या एका माणसाला स्वतः फोन करायचा, दोन मिनिटं, आणि विचारायचं की तुम्हाला काय हवंय. एका फोननं त्यांना जे कळेल ते दहा आढावा बैठकांत कळणार नाही, आणि कळलं की पहिल्या पानावर काय छापायचं हे तेच सांगतील. काही साहेब सांगणारही नाहीत. मग फोटो राहू द्या, छोटा करा, आणि पुढच्या कामाला लागा. सगळ्याच लढाया लढायच्या नसतात.

ज्या शिक्षकानं पाठवणं बंद केलं, त्याच्या शाळेत या महिन्यात जा. सत्काराचा विषय काढू नका. वर्गात मागे बसा.

आठव्या अंकाची सुरुवात मात्र वरिष्ठ सहायकांच्या टेबलापासून करा. लिंक पाठवू नका, दुपारी गर्दी ओसरली की खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसा. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना शिक्षकानं कोणते कागद कोणत्या क्रमानं गोळा करावेत, सेवापुस्तकातल्या कोणत्या नोंदी आधी तपासून घ्याव्यात, प्रकरणं नेमकी कुठे अडतात, हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला माहीत नसेल. त्यांना ते सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या, त्यांच्या नावानं पहिल्या पानावर छापा. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. एखादा कागद तुमच्याकडून राहिला असेल, ते हसून सांगतील.